चाळीस वाट्या

भादव्याचं ऊन गंगेच्या पाठीवर पसरलं होतं,
तेव्हा टेम्पो आला धालेगावच्या बंधाऱ्यावर.
हवा भरून टम्म फुगलेल्या पिशव्या,
आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं.
तांबीर, म्हणे.

मामंजी पिशवीला कान लावून बसले.
मोतीबिंदूनं मासा दिसत नाही त्यांना आता,
पण नावं तोंडात आहेत सगळी,
तांबीर, वाम, मरळ, शिवडा, खडस.
आमच्या पोरांना एकच येतं, चिलापी.
जाळ्यात तीच, ताटात तीच,
मानवतच्या बाजारात पडेल त्या भावाला तीच.

अर्धा तास पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या.
आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या अंगाला लागू द्यावं लागतं.

साहेबांच्या कागदावर दहा हजार आधीच लिहिलेले.
मी सोसायटीची खजिनदार, सातवी पास.
पदर खोचला, घरची पितळी वाटी घेतली,
एक वाटी परातीत ओतून एकेक मोजलं,
दोनशे सोळा.
मग नुसत्या वाट्या. चाळीस भरल्या.
म्हटलं, लिहा, आठ हजार सहाशे चाळीस.
"बाई, नदीला काय कळतंय?"
नदीला नसंल कळत साहेब,
जाळं सांगतं. सहा महिन्यांनी.

तीन महिने बारीक आसाचं जाळं टाकायचं नाही,
असा ठराव झाला त्या रात्री
मुंजाजी भाऊजी बैठकीतून उठून गेले होते.
दोन पोरी परभणीला वसतिगृहात,
मेसचे पैसे एक तारखेला.
खोटं काहीच बोलले नव्हते ते.
कुणी समजूत घातली नाही. काय घालणार?

आज त्यांचं जाळं बाभळीला टांगलेलं,
आणि ते कमरेएवढ्या पाण्यात, घमेलं तिरपं धरून.

पिल्लं निघत नाहीत.
एक काठापर्यंत येतं, माघारी फिरतं,
घमेल्याच्या गंजाशी तोंड लावून बसतं.
पलीकडच्या खडकावर बगळा एका पायावर.
त्याच्यापर्यंत ठराव पोचलेला नाही.

"गेली का?" मामंजी विचारतात.

भाऊजींचे हात आखडलेत. घमेलं उपडं करावं,
असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसतं.
मी म्हणते, राहू द्या.
त्यांचं त्यांना जाऊ द्या.

"गेली का गं?"

एक गेलं, मामंजी.
दुसरं बघतंय.