उरलेले नऊ

गोकाक एकोणतीस, निपाणी अकरा.
उपांत्य फेरीची दुसरी मॅच दोन गुणांनी गेली,
आणि फ्री थ्रोचे हे आकडे रात्रीत गावभर झाले.
अक्कोळ रोडच्या चहाच्या गाड्यावर
कुणीतरी खडूनं लिहिलेसुद्धा फळीवर.
"एकाच बाजूनं शिट्टी वाजवालाय त्यो,
धारवाडचाच हाय की."

मुजावर सर दारात आले, चप्पल न काढता.
"बाई, स्कोअरची वही द्या. तक्रार टाकतो बेळगावला.
तिसरी मॅच रविवारी आहे. आकडा खोटं बोलत नाही."

मी दिवसा तंबाखूच्या वखारीत काट्यावर बसते.
बोद चढवायच्या आधी
रिकामं पोतं तोलून घेते.
धडा केल्याशिवाय वजन लिहायचं नाही,
दिवाणजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
म्हटलं, सकाळी देते.

शेवटच्या दीड मिनिटात
आपणच धरली त्यांची पोरं, घड्याळ थांबवायला.
चारदा. म्हणजे आठ वजा.
बाकावरून शिवी गेली, अस्सल मराठीत,
ती कटगेरींना नीट समजली. एक वजा.
राहिले वीस.
आपली पोरं चाळीस मिनिटं
रेषेबाहेरूनच नेम धरत बसली.
धक्का खायला आधी अंगाला अंग लागावं लागतं.
त्याचे किती वजा करायचे?
एवढा बारीक काटा माझ्याकडे नाही.
विसातून आमचे अकरा गेले.
नऊ.

नवात नशीब किती,
गोकाकचा तो दारात न मावणारा सेंटर किती,
आणि कटगेरी किती?
वहीखाली त्यांची सही आहे, कन्नडमध्ये, ठसठशीत,
तिच्याशेजारी माझी, जरा तिरकी.

मग जुन्या वह्या काढल्या. कशाला काढल्या.
तीन वर्षांपूर्वी, याच मैदानावर,
निपाणी सव्वीस, अथणी नऊ.
शिट्टी हीच.
त्या रात्री मी काहीच वजा केलं नव्हतं.
पेढा खाल्ला होता. दोन खाल्ले होते.

पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये श्रेणिक मगदूम उडाला
तेव्हा त्याच्या कोपराखाली एक हात होता.
मी टेबलावरून पाहिला.
कटगेरींच्या आणि त्या हाताच्या मध्ये दोन पाठी होत्या.
वाजलेल्या शिट्टीला माझ्या वहीत रकाना आहे,
न वाजलेलीला नाही.
अशा किती निसटल्या असतील, दोन्हीकडच्या?
मला आपल्या तेवढ्या आठवतात.
गोकाकला कुणी बाई टेबलावर बसत असेल
तर तिला तिच्या.

सकाळी सरांना सगळं मांडून दाखवलं,
आठ, एक, वीस, अथणी.
ते ऐकत होते, म्हणजे मान हलवत होते.
मग पट्टी लावून
वरची ओळ तेवढी फाडून घेतली त्यांनी,
एकोणतीस आणि अकरा.
"खालचं असू दे तुमच्याकडं."

आता पानाला वरची कड नाही.
समासात, श्रेणिकच्या नावासमोर,
रात्री मी पेन्सिलनं केलेला एक ठिपका आहे.
करायला नको होता. स्कोअररनं ठिपके करायचे नसतात.
खोडरबर घेतला होता हातात,
तेवढ्यात वखारीचा भोंगा झाला.