वहिवाट

मुलाखतीत विचारलं, ही नोकरी का हवी?
मी म्हणालो, मला चालायला आवडतं.
तिघंही हसले. हेस्टर प्रॉथेरो सगळ्यांत कमी.
म्हणाली, "मग पोस्टमन हो. इथे बसावं लागतं."

सात वर्षं बसलो आहे.
श्रॉपशरच्या कौंटी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यातही बंद न होणाऱ्या रेडिएटरशेजारी.
माझ्या ताब्यात तीन हजार मैल पायवाटा
आणि काटेरी झुडपं छाटायची एक कात्री.

खाली हायवेवाले. त्यांच्याकडे डांबर, मीठ, पिवळी लॉरी,
आणि खड्ड्यांवरून रोजच्या शिव्या, म्हणजे लोकांचं लक्ष.
समोर प्लॅनिंगची ओनोरा,
एका खिडकीच्या उंचीवरून दोन शेजाऱ्यांचं
चौदा महिने ऐकून घेते आहे.
माझ्याकडे तक्रार येते ती बहुधा बैलाची.

मग ब्लॅकस्टोची फाइल आली.
ओढ्यापासून जुन्या दगडखाणीपर्यंत, अर्धा मैलसुद्धा नाही.
मार्चमध्ये रोलंड ब्रीझने फाटकाला कुलूप घातलं.
मेंढ्यांसाठी, म्हणतो. मेंढ्या आहेत खऱ्या.
नकाशावर ती वाट नाही.
सत्तर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने हिरव्या शाईत
गावच्या साऱ्या वाटा ओढल्या, ही ओढायची राहिली.
चहा आला असेल.
त्याच्या निबाची जाडी जमिनीवर दहा मीटर भरते.
दहा मीटरांत एक कुंपण, एक चर
आणि दोन पिढ्यांचं भांडण आरामात मावतं.

कायदा तसा सरळ:
वीस वर्षं लोक चालले,
न लपता, न झगडता, न विचारता,
तर वाट लोकांची.
पण कुणी "जाऊ का?" म्हटलं असेल, आणि मालक "जा" म्हणाला असेल,
तर ते चालणं धरायचं नाही.
"थोडक्यात, सभ्य माणसं बाद,"
हेस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
सँडविचमधली काकडी काढून ठेवत.

अकरा साक्षी झाल्या. बारावी विनिफ्रेड गॉफ, वय सत्त्याऐंशी,
स्वयंपाकघरात कुत्र्याचा वास, टेबलावर माझा फॉर्म.
वर्षातून किती वेळा?
"रोज. मांडी मोडली तो हिवाळा सोडून."
कशासाठी?
"नवऱ्याचा डबा. तो खाणीत होता."
खाण तर केव्हाच बंद पडली.
"हो. नवराही."
मग?
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी विचारलं होतं, श्वास कशासाठी.
मी लिहिलं: इतर.

कधी परवानगी मागितली होती?
"एकदाच. एकसष्ट साली, पहिल्या दिवशी.
म्हातारा ब्रीझ फाटकाशी उभा. म्हटलं, जाऊ का?"
माझं पेन थांबलं.
काय म्हणाला तो?
"काही नाही. तोंडात खिळे होते त्याच्या.
फाटक जरा उचलून धरलं. बिजागरी तेव्हाही गेलेलीच होती."

उचलून धरलेलं फाटक म्हणजे होकार,
की नुसती मोडकी बिजागरी?
फॉर्मवर त्यासाठी एक ओळ आहे, निबाएवढी.
ती म्हणाली, "लिही ना, खरं तेच आहे."
लिहिलं. खिळ्यांसकट.

हेस्टरने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
आता कागद निरीक्षकाकडे आहेत,
आणि निरीक्षकाकडे आधीच्या चारशे वाटा
आपापली वाट पाहत पडल्या आहेत.

शनिवारी गेलो होतो, कचेरीच्या वेळेबाहेर.
कुलूप नवं, पितळी. चवाळ्याला मी हात लावला नाही.
पलीकडे गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं,
आणि त्यातून ओढ्याकडून खाणीकडे
स्पष्ट, वीतभर रुंद, मळलेली वाट.

ब्रीझच्या मेंढ्या. एकामागून एक.
त्यांनी कुणालाच विचारलेलं नाही.