पाणी राहील का

जुलैत, शारजात, रोलाच्या पाचव्या मजल्यावर
मी एसी बंद करते, तेव्हा जिन्सी
उशी काखेत मारून निमूट बाहेरच्या सोफ्यावर जाते.
तिला ठाऊक झालंय :
एक झुळूक, आणि वैमानिकाच्या पट्ट्याचं बक्कल,
खसखशीच्या दाण्याएवढं,
गेलं.
कपाळाला पंचा बांधून मी बसते.
घाम लागला की पितळ काळवंडतं.
हे कुणी शिकवलं नाही,
तांबट आळीत जन्मलेल्याला ते माहीतच असतं.

पत्रा पोस्टकार्डाएवढा.
आम्लानं खायचं ते खाल्लंय,
उरलं ते विमान :
फासळ्या, शिड्या, वेताच्या वाटाव्यात अशा खुर्च्या,
खिडक्यांच्या चौकटी,
एकेक भाग अजून नाळेनं पत्र्याला धरून.
पातं टेकवायचं, श्वास रोखायचा. टक्.
मग नाळेची खूण कानशीनं घासायची.
ती पुरती जात नाही.
डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागत राहते.

दिवसा मी दात करते.
अल नाहदाच्या लॅबमध्ये, दाढांच्या टोप्या, पूल,
ज्यांची तोंडं मी कधी पाहणार नाही त्यांच्यासाठी.
रात्री त्याच चिमट्यानं हे.
इद्रीसभाईंनी दुकान आवरताना अर्ध्या किमतीत दिलं,
म्हणाले, दोन गिऱ्हाइकांनी परत आणलंय, सांगून ठेवतो.
कागदावर भाग चारशे बारा.
मी दोनदा मोजले. चारशे अकरा.

एकावर एक पंखांचं जुनं प्रवासी विमान.
असलीच उतरायची इथं.
गल्लीपलीकडचा मोठा रस्ता तेव्हा धावपट्टी होता,
आता तिथं सिग्नल, शवरमा, लाँड्रीवाल्याची सायकल.
उतारू किल्ल्यासारख्या विश्रामगृहात रात्र काढायचे
आणि पहाटे हिंदुस्थानकडे निघायचे.
मी मात्र अकरा वर्षं या धावपट्टीवरून
भाजी आणते.

आप्पा मठार करायचे.
घागरीच्या पोटावर ठोक्याशेजारी ठोका,
एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
त्या आवाजात आम्ही पाढे पाठ केले,
त्याच आवाजानं त्यांचे कान नेले.
आता सगळी आळी ठोकत असते
आणि ते मधोमध बसून
फक्त हात हललेले पाहतात.

चारशे बारावा भाग, शेपटीखालचा दांडा,
मी दातांच्या तारेतून वळवला.
कुणा मुलीचे पुढचे दात सरळ करून उरलेली तार.

शुक्रवारी फोन लावला. विमान कॅमेऱ्यासमोर धरलं,
पंख, पंखांमधल्या तारा, आतल्या खुर्च्या.
भाचा यदुनाथ माझं बोलणं पाटीवर लिहून त्यांना दाखवत होता.
आप्पांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.
मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात :
यात पाणी राहील का?

मी हसले. जिन्सीही हसली, तिला काही न कळता.
ते हसले नाहीत.
डाग नीट दे, म्हणाले, घाई करू नकोस.

आमच्यात धातूच्या सांध्याला डाग म्हणतात.
विमानतळावर सोडायला आले होते तेव्हाही
त्यांनी हेच विचारलं होतं, डाग किती?
दोन, मी म्हटलं होतं.
ते दोन्ही अजून पलंगाखाली आहेत.

रात्री जिन्सीला झोप लागल्यावर
लॅबच्या ड्रॉपरनं विमानाच्या पोटात
एक थेंब सोडला. मग आणखी एक.
खुर्च्यांमधून वाट काढत पाणी
चौथ्या खिडकीशी येऊन फुगलं, थांबलं.
एक, दोन, तीन… मोजत राहिले.
नवावर
डाव्या पंखाच्या बुडाशी ओल चमकली.

तिथंच होती घाई. मागच्या मंगळवारची,
मला आठवली सुद्धा.

टिपकागदानं पाणी टिपलं.
सोल्डरची पेन तापत ठेवली.
उठून एसी बंद केला.