अण्णासाठी काही सूचना

आधी मेंढ्या शोध, अण्णा.
घोडेस्वाराला गावाभोवती गोल फिरव.
तुझा एकाच जागी उभा असतो, मला इथून दिसतं,
कार्लाईलच्या स्वयंपाकघरातून. रात्रीचे साडेनऊ,
तुझ्याकडे तीन.
झोप येत नाही म्हणून शिकतोयस
की शिकतोयस म्हणून जागा,
ते विचारणार नाही.

आधी पोटोबा.
तलवारी, हत्ती, बुरूज सगळं नंतर.
पहिली दहा मिनिटं नुसती माणसं वाढव,
सहा मेंढ्यांवर, चार लाकडाला,
आणि जागा संपायच्या आधी घर बांध.
तू दरवेळी ती लाल अक्षरं यायची वाट बघतोस.
तहान लागल्यावर विहीर खणायची आपल्या घराण्याची रीत
इथे चालत नाही.

वर डावीकडे एक आकडा असतो, रिकाम्या माणसांचा.
तो शून्यावर ठेव.
काल तुझे सातजण नदीकाठी नुसते उभे होते,
एक तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून
माझ्याच गावाकडे बघत होता.
बिस्किटांच्या कारखान्यात आमची मोरॅग म्हणते,
पट्टा थांबला तरी हात थांबायला नकोत.
तिला मी या खेळाबद्दल बोललेले नाही.
पन्नाशीची बाई रात्री किल्ले राखते,
हे कुणाला सांगायचं?

घोडदळ आलं तर भालेवाले.
भालेवाल्यांवर तिरंदाज.
तिरंदाजांवर पुन्हा घोडे.
युद्धशास्त्र एवढंच, बाकी सगळा दाणागोटा.

भिंत बांधताना झाडांच्या भरवशावर फट सोडू नकोस.
तुझेच लाकूडतोडे तीच झाडं तोडतात
आणि शत्रूला वाट होते.
इथून बारा-चौदा मैलांवर खरी भिंत आहे, रोमन लोकांची.
रविवारी गेले होते, जॅकेटच्या आत वारा शिरत होता.
मागच्या लोकांनी तिचे दगड नेऊन गोठे बांधलेत.
एका गोठ्यापाशी गाय रवंथ करत होती,
एवढ्या जुन्या बंदोबस्ताला पाठ घासत.
वाटलं, तुला फोटो पाठवावा.
पण सातारा रोडच्या फ्लॅटच्या कागदांवर सह्या झाल्यापासून
आपलं बोलणं खेळापुरतं.

म्हणून खेळापुरतंच सांगते:
दोस्ताला माल पाठवता येतो.
बाजार बांध, मग माझ्या रंगासमोर टिचकी मार.
मध्ये थोडा कर कापला जातो.
मंगळवारी तू पाचशे सोनं पाठवलंस,
मी मागितलं नव्हतं.
कापून तीनशे पन्नास पोचलं.
मी लिहिलं, "मिळालं."
त्यापुढे काय लिहितात ते आठवत बसले,
तेवढ्यात हत्ती आले आणि सुटले.

आता शेवटची. ही सहसा कुणी सांगत नाही.
सगळं सुरळीत चालू असतानाच एक माणूस उचल
आणि नकाशाच्या पार टोकाला पाठव,
अंधाऱ्या भागात, जिथे सोनं नाही, मेंढ्या नाहीत,
कुणाचं कामच नाही.
तिथे त्याला एक घर बांधू दे.
गाव जळालं तरी मग तू हरलेला नसतोस.
कुठेतरी एकजण लाकूड तोडत असतो.

बराच वेळ तू काही लिहिलं नाहीस.
बाहेर कचऱ्याच्या डब्याचं झाकण
वाऱ्याने आपटत होतं.
मग आलं:
"त्या कोपर्यातल्याला कंटाळा येत आसेल ना ग बायो"

मी उत्तर शोधत राहिले
आणि इकडे माझं टाउन सेंटर पेटलं.
घंटा वाजवायची राहिली, जी तुला मीच शिकवली होती.

तुझे भालेवाले निघाले होते,
उशिरा, चुकीच्या वाटेने,
आपलं गाव उघडं टाकून,
अठराच्या अठरा,
नदीच्या काठाशी येऊन अडखळत.

थांब, अण्णा.
उतार वरच्या अंगाला आहे.