पंखाच्या कण्याजवळ

बेथेलला बाहेर उणे एकतीस, हँगरमध्ये उणे बारा.
इतक्या थंडीत शाई भेगेत शिरत नाही,
म्हणून आधी पंखाला ऊब द्यायची:
खाली हीटर, वर लोरेनच्या घरची जुनी गोधडी,
आणि पंखाखाली फळीवर उताणी मी,
नास्तास्या, तपासनीस, डोळ्यांत धातूचा कीस.

विमानाचं वय कुणी वर्षांत विचारत नाही.
किती वेळा उतरलं ते सांगा.
एकेचाळीस हजार तीनशे सहा.
तितक्यांदा पंख वर वाकले, तितक्यांदा खाली आले:
टपालाची पोती, बास्केटबॉलची पोरं,
बाळंतपणाला निघालेल्या बायका,
दरवेळी थोडं, अगदी थोडं,
खांदा दुखावा, पण कुणाला सांगण्याइतका नाही, तसं.
धातू कुरकुरत नाही.
तो मोजत राहतो.

आदेश सोळा पानांचा.
दर बाराशे उतरण्यांमागे एकदा
खालच्या दांड्याचं एकूण एक भोक.
सोळा पानांत ‘कदाचित’ हा शब्द कुठेच नाही.

बोल्ट काढला. भोक पुसलं. लाल शाई लावली.
आता अर्धा तास काहीही करायचं नाही.
हेच सगळ्यात अवघड, इव्हॉन म्हणायचा,
ज्याला वाट बघता येत नाही
त्याच्या हाती पाना देऊ नये.

इव्हॉन कोपऱ्यातच आहे.
प्लायवूडची पेटी, वर निळी ताडपत्री.
दोन दिवस याच विमानासाठी थांबलाय,
नदीच्या वरच्या अंगाला, क्विगुकला, घरी जायला.

त्यानंच शिकवलं:
पत्र्याला चीर गेली तर घाबरू नकोस,
तिच्या टोकाशी बारीकसं भोक पाड.
चीर तिथवर येते, पुढचं टोक शोधते,
सापडत नाही, थांबते.
एक जखम थांबवायला दुसरी, गोल, नीट घासलेली.
माझं लग्न मोडलं त्या वर्षी
हे मला रोज आठवायचं.
पण दुसऱ्याच दिवशी त्यानं बजावलं होतं:
पत्र्यात चालतं हे. कण्यात नाही.

अर्धा तास झाला. शाई पुसली, पांढरी भुकटी फवारली.
आधी काहीच नाही.
मग सातव्या भोकाच्या काठाशी
एक लाल केस उगवला.
चार मिलिमीटर. पापणीच्या केसाचा तुकडा.
पुसलं, पुन्हा सगळं केलं, पुन्हा अर्धा तास.
पुन्हा तिथंच.
यंत्राच्या पडद्यावरची रेघही तिथंच दचकली.

लोरेन दारात. मागे थॅडियस, पायलट, हातमोजे चढवलेले.
‘एकच फेरी, नास्तास्या. ऐंशी मैल.
दोन दिवस शेकोट्या पेटवून जमीन वितळवलीय त्यांनी,
खड्डा तयार आहे. पुन्हा गोठेल.’

मी उत्तर दिलं नाही.
नोंदवहीत लिहिलं: डावा पंख, खालचा दांडा, सातवं भोक.
सुकाणूला लाल फीत बांधली.
गाठ दोनदा मारावी लागली, बोटं बधिर होती.
थॅडियस वाकला, विजेरी घेतली,
बराच वेळ त्या केसाकडे बघत राहिला.
मग हातमोजे काढले.

नवा दांडा अँकरेजहून येईल. नऊ दिवस.
कदाचित अकरा.

पहाटे इव्हॉनचे पुतणे आले,
स्नोमोबाइल, मागे स्लेड.
पेटी दोरांनी आवळली. कुणी मला काही बोललं नाही,
थोरल्यानं कॉफीचा थर्मास तेवढा भरून मागितला.
नदी गोठलेली. तरी वळणापाशी, जिथं खालून ओढ असते,
एक जण उतरून पुढे पायी निघाला,
लोखंडी टोकाची काठी बर्फावर आपटत,
ऐकत,
दोन पावलं टाकत, पुन्हा आपटत.

ते दिसेनासे झाल्यावरही ठक ठक येत होतं.
किंवा हीटर असेल, गार होताना वाजतो.

उजवा पंख बाकी होता.
गोधडी ओढली, त्या बाजूला नेली.