नाकापर्यंतची वाट

ती जन्मली तेव्हा ग्युमरीत उणे एकोणीस होतं.
हॉस्पिटलच्या काळ्या दगडांवर बर्फाची साय.
नर्सने दुपट्याची कड सारली.
मी आधी बोटं मोजली, मग डोळे.
डावा मिटलेला.
उजवाही मिटलेला, पण त्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या कडेला,
एक निळसर फुगवटा.
वाटाण्याएवढा, ताणलेला.

"मार लागलाय का?"
"डॉक्टर बघतील," नर्स म्हणाली
आणि ज्या आवाजात म्हणाली
तो आवाज माझ्या ओळखीचा.
तळघरात पाणी शिरलेल्या लोकांशी
मी तसाच बोलतो.

अरुस्याकआत्या निळा काचमणी घेऊन आली,
दृष्ट लागू नये म्हणून, सेफ्टी पिनेसकट.
दुपट्याला अडकवायला वाकली
आणि तशीच थांबली.
पोरगी आपला मणी घरूनच लावून आली होती.

रडायची, पण कोरडी.
पहिले काही आठवडे सगळीच बाळं तशी रडतात म्हणे.
रात्री पाजताना शोघिक कान तिच्या नाकाशी नेई.
एवढ्याशा जिवाला तोंडाने श्वास घेणं जमत नाही,
फुगवटा आत नाकातही उतरलेला असू शकतो,
तेव्हा लक्ष ठेवा, असं सांगितलेलं.
आम्ही लक्ष ठेवलं.
शिंपल्याएवढ्या नाकाचा आवाज
पहाटेपर्यंत.

डॉक्टर ह्रानुशने कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
डोळ्याच्या कोपऱ्यात पिशवी,
पिशवीखाली नळी,
नळीचं तोंड नाकात, आणि तोंडावर एक पापुद्रा.
जन्माआधी फाटायचा, तो राहिला.
वरची वाटही मिटली, मधे पाणी कोंडलं.
"कळलं?"

बाई, बावीस वर्षं मी हेच करतोय.
फक्त माझ्या नळ्या लोखंडी,
पान्याने ठोकून बघता येतात.

"नखं कापा. हात कोमट पाण्याने धुवा.
करंगळी इथे. दाबा, आणि खाली सरका.
दिवसातून चारदा.
लाल झालं, ताप आला, तर मध्यरात्रीही या.
नाहीच उघडलं तर बारीक सळई घालून मी उघडीन."

सळई.
हा शब्द कोटाच्या खिशात घालून मी घरी आणला,
रस्ताभर तो बरगडीला टोचत होता.

नख कापलं. मग कानशीनेही घासलं,
शोघिक बघत राहिली, हसली नाही.
तिचा हात थरथरायचा, म्हणून काम माझ्याकडे.
घट्टे पडलेल्या हाताची एकच करंगळी मऊ उरली होती,
ती कधी कशाला वापरलीच नव्हती.

आमच्याकडे लाडाने म्हणतात, त्सावत तानेम.
तुझं दुखणं मी नेतो.
दिवसातून पन्नासदा म्हणतात,
भाजीवाली गिऱ्हाइकाला म्हणते, सुटे पैसे मोजता मोजता.
मीही म्हणत आलो.
ते न्यायचं कुठून, हे मात्र आता कळलं:
वरून खाली, नाकाच्या कडेने,
हळू.

सहाव्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर
कुणाच्या तरी मोरीत उकिडवा,
गोठलेल्या नळाला ब्लोटॉर्च लावून.
फोन वाजला.
"शिंकली," शोघिक म्हणाली.
"मग?"
"मग काही नाही. नाकातून थोडं चिकट पाणी आलं.
आणि तिथे सपाट आहे, वर्दगेस.
मी तीनदा हात लावून बघितलं."

नळ अजून गोठलेलाच होता.
घरमालक म्हातारा दारात उभा, हातात रिकामी बादली.
"काय झालं?"
"सर्दी," मी म्हणालो.

निघताना डॉक्टरने विचारलं होतं,
रडताना नाक का गळतं, माहितीय?
डोळ्यातलं पाणी तिथेच उतरतं.

मी बाहीने नाक पुसलं
आणि टॉर्च पुन्हा पेटवला.