फेरफार

कॉलिंगवूडच्या उतारावर, टेनॉक स्ट्रीट, घर क्रमांक एकेचाळीस.
माझ्या हातात नगरपालिकेचा तक्ता, खिशात टेप,
पायात सकाळपासून ओले मोजे.
रकाने चारच:
बांधल्याचं साल. साहित्य. स्थिती. फेरफार.
ही जमीन ज्यांची होती, त्यांच्या हजारो वर्षांसाठी
रकाना नाही. मी विचारलं होतं एकदा.
पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाले.

एकोणचाळीस आणि त्रेचाळीस जुळ्या बहिणी.
सज्जाला ओतीव लोखंडाची जाळी, सुईनं विणावी तशी,
माथ्यावर कलश, कलशाखाली अठराशे अठ्ठ्याऐंशी.
मधली ही, दात पडल्यासारखी.
जाळी नाही, कलश नाही,
अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, पायऱ्यांना टेराझो,
फाटकाशी चुन्यासारखे पांढरे दोन सिंह.
एकाचा कान उडालेला.

घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं.
काय शोधतोयस?
म्हटलं, जुनं काय शिल्लक आहे ते.
मग आत ये, म्हणाली एव्दोकिया कारथानासी,
बाहेर काही नाही.

कॉफी एवढीशी, साखर न विचारता.
अठ्ठावन्न साली बोटीतून उतरले,
तिसऱ्या दिवशी पेटिग्रूच्या बूट कारखान्यात.
टाचा चिकटवायच्या. अकरा वर्षं.
रविवारच्या पावालासुद्धा सरसाची चव.
तेव्हा ही घरं कोणाला नको होती रे,
संडास अंगणात, भिंतीत उंदीर,
म्हणून तर आम्हाला मिळाली.

आणि जाळी?
स्तामातिसनं उतरवली, सदुसष्टच्या उन्हाळ्यात.
भंगारवाल्यानं चौदा डॉलर दिले.
त्यात थोडी भर घालून न्हाणीघर झालं.
माझी कातिना त्या गल्लीतली पहिली मुलगी
जी घरात, गरम पाण्यात, दार लावून न्हाली.

तक्त्यावर माझं पेन
'मूळ जाळी काढून टाकली' इथवर आलं होतं.

कारखान्यात आता सदनिका आहेत.
भिंतीवरची पेटिग्रूंची अक्षरं
नियमाप्रमाणे पुन्हा रंगवली, सोनेरी.
खाली काचेच्या पेटीत एक लाकडी साचा:
'उजव्या पायाचा, सुमारे १९२०.'
डावा आहे तो, एव्दोकिया म्हणाली.
आणि टेबलावर हात ठेवून
नसलेल्या साच्यावरून अंगठा फिरवला,
आतल्या कडेनं, टाचेपर्यंत.
दारावरच्या पोराला दोनदा सांगितलं.
तो म्हणाला, आजी, पाटी तज्ज्ञांनी लिहिली आहे.

मागच्या गल्लीत काळ्या दगडाची फरसबंदी,
मधोमध वाकलेली, पाणी वाहून जाईल अशी.
कुंपणात गुडघ्याएवढं दार.
रात्री मैला नेणारा इथून हात घालून डबा ओढायचा.
फळी तीच, बिजागरी तीच,
खिळ्यांची डोकीसुद्धा चौकोनी.
मी वाकून फोटो काढले, सात-आठ.
अख्ख्या घरात 'मूळ' लिहिता येईल असं हे एवढंच.

यातून मी थाओला लिंबं देते, तिनं सांगितलं.
समोरची. तिचे गुडघे, माझे गुडघे,
पुढून वळसा कोण घालणार?
ती मला पुदिना देते, कधी मासा.
नवऱ्याचं दुखणं आम्ही इथूनच बोललो,
चेहरा न बघता. सोपं जातं.

निघताना सिंहाबद्दल विचारलं.
फुटबॉल, म्हणाली. चौऱ्याहत्तर. कान ठेवलाय कुठंतरी.

संध्याकाळी त्रेचाळीससमोर उभा राहिलो.
इथं काम सोपं: स्थिती उत्तम, फेरफार नाही.
मालक बाहेर आले, उत्साहानं दाखवू लागले:
जाळी नवीच ओतून घेतली, जुन्या फोटोवरून,
नऊ हजार पडले, पण कळतं का सांगा.
नाही कळत, मी म्हणालो.
खरंच कळत नव्हतं.

रकाना दोन बोटं रुंद आहे.
पाऊस बारीक पडतोय, शाई पसरते.
खिशात टेपशेजारी एक लिंबू,
कधी ठेवलं तिनं, कोण जाणे.